सात दगडांची शर्यत

मला दमा होता. लहानपणापासूनचा, आणि थंडीत जास्तच. कचेरीत मी तो कोणाला कळू दिला नव्हता, पण उंद्रीच्या एका शेतकऱ्याच्या कानावर कसा कोण जाणे गेलाच. नेमकी त्यांचीच मुलगी मी पाहून आलो होतो. मोठी माणसं शेतीचं बोलत असताना तिने हळूच मला विचारलं होतं, "कचेरीत झोप येते काय हो तुम्हाले?" तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि आठवड्याभराने तिच्या वडिलांचा निरोप आला, "पोराले दमा हाये म्हन्तेत. बुलढान्यात पळाची शर्यत हाये, थे पळून दाखव म्हना. मी येतो पाहाले."

शर्यत आमच्याच जंगलखात्याची होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि आपण काहीतरी नवं करून दाखवावं असं प्रत्येक साहेबाला वाटत होतं. आमच्या साहेबांना पळणं सुचलं. गावाला लागून खात्याची साग-पळसाची झाडी होती. दोन बाकडी टाकल्यापासून तिला उद्यान म्हणायचे. तिथल्या पाऊलवाटांवरून दीड मैलाचा फेरा ठरला, आणि वळणावळणावर दगड लाल रंगवून खुणा करायचं काम माझ्याकडे आलं.

कचेरीत गेरू नव्हता. बाजारात गेलो तर दुकानदाराकडचाही संपलेला. शेंदूर मात्र भरपूर होता. लाल ते लाल, असा विचार करून मी तो घेतला, नीट तेलात कालवला आणि सात दगडांना माखला. वऱ्हाडात जन्म काढलेल्या माणसाने असं करावं, म्हणजे अक्कल गहाण टाकल्यासारखंच होतं.

शर्यतीच्या सकाळी सरपणाला निघालेल्या बायांनी ते दगड आमच्या आधी पाहिले. आम्ही पोचलो तोवर हळदकुंकू, फुलं, उदबत्त्या, सगळं झालं होतं. पाचव्या दगडाला तर नारळही फुटला होता. शेजारी बसलेली एक म्हातारी सांगत होती, हा देव फार जागृत आहे, तिच्या सासूच्या वेळेपासून आहे. आदल्या दिवशी दुपारी तो मी तिथे गडगडवत आणला होता.

साहेबांनी शिट्टी मारली आणि आम्ही अकरा जण सुटलो. सगळ्यांत पुढे एक पैलवान होता. पहिल्या दगडापाशी तो थांबला, बूट काढले, हात जोडून डोकं टेकवलं. मागच्याला मग थांबावंच लागलं. त्याच्या मागच्यालाही. बघता बघता शर्यत रांगेत उभी राहिली. "काऊन थांबले बे?" मागून एकाने विचारलं, आणि दगड दिसताच तोही गुपचूप बुटाची नाडी सोडायला लागला. शाळेचे ड्रिल मास्तर तेवढे दगडावरून उडी मारून पुढे गेले. "पाय लागला! पाय लागला!" असा ओरडा झाल्यावर ते परत आले आणि दोनदा पाया पडले. साहेब लांबून शिट्ट्या फुंकत होते. देवाच्या दारात कोण ऐकतो!

दुसऱ्या दगडापर्यंत माझी छाती वाजायला लागली होती. मी वाकलो. मीच माखलेल्या दगडापुढे मी अगदी मनापासून वाकलो, कारण वाकल्यावर श्वास सापडत होता. तिसऱ्यापाशी मी नाडीला मुद्दाम निरगाठ मारली, म्हणजे सोडायला वेळ लागेल. पाचव्यापाशी म्हातारीने दिलेलं खोबरं सावकाश चावून खाल्लं. सातव्या दगडाजवळ धोतर-टोपीतले ते उंद्रीचे गृहस्थ उभे होते. त्यांच्या देखत मी डोकं टेकवलं, गुडघ्यावर हात देऊन उठलो आणि उरलेलं अंतर पळालो.

मी शेवटचा आलो. पहिले आलेले ड्रिल मास्तर जमिनीवर आडवे होऊन धापा टाकत होते. गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दम नाही लागला?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठीक हाये," ते म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघून गेले. पंधरा दिवसांत तिथी निघाली. दरम्यान सरकारी दगडांचे देव कसे झाले, याचा साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी लिहून दिलं, गेरू उपलब्ध नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी पकडला गेलो. एका सकाळी धाप थांबेना. भिंतीला टेकून बसलो होतो, समोर ती भाकरी थापत होती. मला फार लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं, दमा, शेंदूर, निरगाठ, खोबरं. म्हटलं, "मी तुह्या बाबाले फसवलं."

तिचा हात थांबला नाही. "बाबाले माहीत हाये," ती म्हणाली. "त्यायले सोताले दमा हाये. गुडघ्यावर हात देऊन कसे उठले तुम्ही, थे पाहूनच समजलं त्यायले."

"मंग हो काऊन म्हनले?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "घरी येऊन मायले सांगे, ह्या पोराले थांबाचं समजते. आपली पोर मांगं एकटी नाही पडनार."