रघूनं लपवलेला ताप

तार आली तेव्हा मी प्रकाशा गावच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होतो. तार इंग्रजीत होती, पण पोस्टमनला मजकूर कळला होता. तो नजर चुकवून दारातच उभा राहिला. रघुनाथ गेला. माझा धाकटा भाऊ, वय एकोणतीस... आणि माझं एक मूत्रपिंड त्याच्या पोटात.

रघू कापडगिरणीतली यंत्रं शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथंच त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सख्ख्या भावाचं जुळू शकेल, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. असलं काही आमच्याकडं कुणी ऐकलंही नव्हतं. माय म्हणाली, "एक जाई ऱ्हायना, दुसरालेबी धाडू का?" तिसऱ्या दिवशी तिनंच माझी पेटी भरली.

शस्त्रक्रिया जमली. रघूला लघवी झाली तेव्हा नर्ससुद्धा हसली, आम्ही दोघं रडलो. परकं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून त्याला रोज गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकदही कमी होते, गर्दीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मला पोचवायला तो बंदरावर आलाच. खोकत होता. हात गरम लागला.

"रघू, ताप शे तुले. मी थांबी जास."

"सर्दी शे भाऊ. तिकडे माय एकली शे. तू जाय."

आणि मी गेलो...

डॉक्टरांचं पत्र तारेनंतर आलं. ती सर्दी नव्हती, फ्लू होता. ताप उतरला, पण फुफ्फुसांत बुरशी शिरली. धडधाकट माणसाच्या श्वासातून ती येते-जाते, कळतही नाही. रघूला ती थोपवता आली नाही. तिच्यावरचं औषध मूत्रपिंडाला घातक. भावानं दिलेलं बिघडवू नका, म्हणून तो दोन दिवस अडून बसला. मग औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. "मन्हं शे ते, जाऊ दे, औषध घे," असं त्याला दटावणारा एकच माणूस होता. आणि तो तेव्हा बोटीवर होता.

मायला यातलं काही मी सांगितलेलं नाही. परवा घराला चुना देताना तिनं माडीवरची एक भिंत तशीच ठेवायला लावली. परदेशी जाण्याआधी रघूनं तिथं पेन्सिलीनं इंग्रजी वाक्यं घोटली होती.

"काय लिखेल शे रे?" तिनं विचारलं.

मी पहिली ओळ वाचली. 'आय ॲम क्वाइट वेल.'

"मी बरा शे, आसं लिखेल शे, माय."

ती पदरानं भिंतीवरची धूळ टिपत राहिली, अक्षरांना धक्का न लावता.