खारं तळं (वेळ उरल्यास)

अन्याय झाला तो मोरव्याच्या मावशींवर. गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, भाईंदर पश्चिमेला आमच्याच हॉलमध्ये, चहाची दुसरी फेरी चालू असताना. साक्षीदार चार. हत्यार म्हणजे टाइप करून प्रिंट काढलेलं एक पान. घाव पानाच्या तळाला, कंसात, दोन शब्दांचा: वेळ उरल्यास.

ज्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं ते सांगायचे, पहिल्या ओळीत कुणावर आणि केव्हा ते लिही, शेवटी काय पाहिजे ते माग, आणि मध्ये रडू नकोस. फुटपाथ, पाणी, कचऱ्याची गाडी, अशा विषयांवर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. गुन्हेगार शोधायला कधी त्रास पडला नाही. या वेळी पडला, कारण त्या पानाच्या खाली ‘नियोजन’ असं लिहून पुढे माझंच नाव होतं.

तर सुरुवातीपासून सांगते. आमच्या बिल्डिंगमधल्या चौघी वर्षातून एकदा सहलीला जातात. माझी आई, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, समोरच्या दारातल्या बेन आणि तळमजल्यावरच्या मावशी. मी पाचवी, सामान उचलायला. गेल्या वर्षी आम्ही उत्तनला गेलो. देऊळ झालं, चर्च झालं, समुद्र झाला आणि साडेबाराला घरी. काकू म्हणाल्या, “ही काय सहल? यापेक्षा जास्त वेळ मला भाजी आणायला लागतो.” म्हणून यंदा लांब जायचं ठरलं. आईचं माहेर जालन्याकडचं. मामाची तिकडे बारा सीटची गाडी आहे. रात्रीच्या ट्रेनने जायचं, पूर्ण एक दिवस मामाच्या गाडीतून देवस्थानं करायची आणि पुन्हा रात्रीच्या ट्रेनने परत.

मावशी मूळच्या इथल्याच खाडीकाठच्या मोरव्याच्या. माहेरी असताना मिठागरात, लग्न होऊन सासरी गेल्या ते दुसऱ्या मिठागरात. मिठाच्या वाफ्यांत उभं राहून फळीने मीठ ओढण्यात त्यांचं तरुणपण गेलं. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि पंखा बंद करत फिरतात.

सहलीतलं मावशींचं काम ठरलेलं. देवळाच्या दाराशी पोचलो की त्या बूड टेकतात. “जा गो तुमी. मी हाय हितं, चपला बगते.” आम्ही आत जातो, घंटा वाजवतो, फोटो काढतो. बाहेर येतो तेव्हा चपला जोडीजोडीने ओळीत लावलेल्या असतात आणि बेनच्या चपलेचा तुटलेला अंगठा दोऱ्याने शिवलेला असतो. आम्ही मावशींच्या हातावर प्रसाद ठेवतो. असं किती वर्षं चाललंय कोण जाणे. एकदाही कुणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर समान हक्कांवर माईक हातात घेऊन बोलते.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी पहिली बैठक झाली. आईने फोनवर एक फोटो दाखवला. “हे आमच्याकडचं लोणारचं तळं. आकाशातून दगड पडून खड्डा झालाय. पाणी खारं. मागे एकदा असं गुलाबी झालं होतं.”

काकूंनी हात जोडले. “देवाने राक्षस मारला ना तिथे. त्याचंच रक्त असणार.”

बेन म्हणाल्या, “अरे, कलर टाकला असेल कोणी. हल्ली फोटोमधी लोक काय पण करते.”

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला. “पिकलंय,” त्या म्हणाल्या.

“काय पिकलंय?”

“पानी गो. लाली चढली म्हंजी आता मीठ धरनार. ओढायला पायजे.” मग आईकडे वळून, “बांद कोनी घातला?”

“कुणीच नाही. आपोआप झालंय ते.”

“भरतीचं पानी कुठनं घेतात?”

“कुठली भरती, मावशी? समुद्र केवढा लांब तिथून.”

“मंग मीठ ओढतं कोन?”

“आता कुणीच नाही.”

मावशींनी कप खाली ठेवला. सुतारासमोर कुणी म्हणावं की आमच्या गावात खुर्च्या झाडाला लागतात, तसा त्यांचा चेहरा झाला होता. “बांद न्हाय, भरती न्हाय, ओढनारा मानूस न्हाय, आन पानी पिकतंय?” “मना ते बगायचंय.”

मना ते बगायचंय. हे वाक्य मावशींच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्यांना चहा हवा का विचारलं तरी “तुमी घेताव तर घोटभर” असं उत्तर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी वही उघडली.

सहलीत भांडणं नकोत म्हणून मी नियम केला. प्रत्येकीला एक धर्मस्थळ आणि प्रत्येक धर्मस्थळाला समान वेळ, चाळीस मिनिटं, ना कमी ना जास्त. आईने वेरूळची बौद्ध लेणी मागितली. बेननी जैन लेणी मागितली, शिवाय सूर्यास्ताच्या आधी जेवण, ते आमच्या बिल्डिंगला पाठच आहे. काकूंनी घृष्णेश्वर घेतलं आणि वर शेगाव मागितलं, नवऱ्याच्या वाट्याचं म्हणून. नवरा येणार नव्हता. पण त्यांनी ते इतक्या गंभीरपणे मागितलं की मी लिहून घेतलं.

“मावशी, तुमचं?”

“तळं.”

“तळं धर्मस्थळात बसत नाही, मावशी. देव सांगा.”

“मंग तुमी ठरवा.”

मी ठरवलं. यादीच्या शेवटी ‘इतर’ असं सदर केलं आणि त्याखाली टाइप केलं: खारं तळं (वेळ उरल्यास). कुणाला आधी, कुणाला नंतर असा पक्षपात नको म्हणून स्थळांचा क्रमसुद्धा मी चिठ्ठ्या टाकून ठरवला. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे इथे कबूल करून टाकते.

त्या रविवारी पानं वाटली. काकूंनी फक्त स्वतःची ओळ वाचली, बेननी जेवणाची वेळ वाचली. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वरपासून खालपर्यंत अख्खं पान वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“येळ उरल्यास,” त्या म्हणाल्या. “म्हंजी न्हाय.”

“तसं नाही हो मावशी, वेळ उरला की लगेच...”

“येळ कवा उरतो गो?” रागाने नव्हे, खरंच माहिती विचारल्यासारखं त्यांनी विचारलं. मग पानाची घडी केली, चहाचा कप गरम होता त्याखाली ठेवली. आणि पुढच्या क्षणाला, “ठेपले बेन करनार तर चटनी मी करते.”

मला संताप आला. मला संताप आला की मी एकच गोष्ट करते. दुपारी बसून पत्रक लिहिलं. ‘जाहीर निषेध! श्रमिक महिलेच्या हक्काचं तळं हिरावणाऱ्या सहल समितीचा धिक्कार असो!’ सहल समितीत मी एकटीच होते, पण धिक्कार एकवचनी चांगला दिसत नाही. लिफ्टमध्ये एक प्रत चिकटवली, जिन्यात तीन.

संध्याकाळपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. त्यांना वाटलं टाकीच्या पाण्याबद्दल आहे. बी विंगचे दोघे पाठिंबा द्यायला आले. कशाला ते त्यांना माहीत नव्हतं, पण आपलं पाणीसुद्धा खारंच येतं म्हणाले. शेवटी मावशी आल्या, हातात लिफ्टमधली प्रत, चारही कोपरे नीट सोडवलेली.

“ह्ये काय गो पोरी? श्रमिक महिला म्हंजी मीच ना? माजं भिंतीवर लावलंस? मना कोनी मारलं काय?”

“मावशी, तुमच्यावर अन्याय झालाय.”

“झालाय तर झालाय. त्याची वर्दी अख्ख्या बिल्डिंगला कशाला? उद्या भाजीवाला इचारंल, मावशी, तळं गावलं का?”

आई आतून पोळपाट घेऊन बाहेर आली. “पुढारीणबाई, निषेध नंतर करा. नकाशा बघितलास का एकदा तरी?”

नाही बघितला. सगळ्यांना समान वाटा द्यायला नकाशा लागतो असं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आईने मामाला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी चिठ्ठ्यांच्या क्रमाने यादी वाचली: बौद्ध लेणी, शेगाव, घृष्णेश्वर, जैन लेणी, वेळ उरल्यास तळं. पलीकडे मामा हसायला लागला. हसता हसता खोकला.

“भाचीबाई, म्या गाडी चालवतो, विमान न्हाई. वेरूळ, तिथनं शेगाव, पुन्हा वेरूळ, अन् पुन्हा वेरूळ?”

“पुन्हा कुठे? जैन लेणी वेगळी आहेत.”

“एकाच डोंगरात हायेत गं बाई! त्या टोकाला बुद्धाची, ह्या टोकाला जैनांची, मधी कैलास. घृष्णेश्वर तर तिथनं चालत जाता येतंय. बौद्ध लेण्यातनं निघून जैन लेण्यात शिरायला तू शेगाववरनं चाललीस! अन् वार कोणता धरलाय?”

“मंगळवार. काकू म्हणाल्या चांगला दिवस.”

“मंगळवारी लेणी बंद.”

आईने माझ्याकडे बघितलं आणि पोळपाट घेऊन आत गेली.

मग मामाने पाच मिनिटांत सगळं लावून दिलं. रविवार धरायचा. सकाळी सकाळी वेरूळ, तिथेच तिघींची स्थळं पार. मग जालन्यावरून सरळ लोणार, दुपारपर्यंत तळ्यावर. पण शेगाव सोडायचं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. काकू ऐकेनात. “शेगाव सोडून खड्डा बघायला जायचं? यांना काय सांगू घरी?”

मावशी लगेच म्हणाल्या, “राव दे गो. मी फोटो बगितलाय.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, “तळ्याच्या काठाला कमळजा देवीचं देऊळ आहे. अगदी पाण्याजवळ. पण पार खाली उतरून जावं लागतं.”

“देवी आहे?” काकूंनी पदर सावरला. “मग आधी नाही का सांगायचं! यांना कळलं की देवी टाळून आलो, तर घरात घेतील का?” नवऱ्याच्या वाट्याचं शेगाव एका वाक्यात रद्द झालं.

मावशींनी वेगळाच हिशोब केला. “देवी हाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मंग बरोबर. कोनीतरी राखन असल्याबिगर पानी असं राहनारच न्हाय.”

त्या दिवसापासून मावशींनी लिफ्ट सोडली. रोज संध्याकाळी लिफ्टने नव्हे, जिन्याने चौथ्या मजल्यावर जातात आणि कठड्याला न धरता उतरतात. चढायचं काय, ते हळूहळू जमतं, गुडघा मोडतो तो उतरताना, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दाराशी पोचल्या की आतपर्यंत पायऱ्यांची मोजणी ऐकू येते. पिशवीत एक स्टीलची डबी पण टाकली आहे. मी सांगितलं, मावशी, तिथून काही उचलून आणायला बंदी आहे. “आनायचं कोन म्हनतंय?” त्या म्हणाल्या. “हातावर घ्यायचं, चाखायचं. डबी चटनीची हाय.”

काल शेवटची बैठक झाली. मी नवीन यादी वाचली. पहिली ओळ: खारं तळं, मावशी म्हणतील तितका वेळ. बाकी सगळं त्याच्या मागे, रस्त्यात आधी येत असलं तरी. कुणी हरकत घेतली नाही. बेन म्हणाल्या, मी वरूनच बघेन, माझे गुडघे नाय म्हणते, पण सहाच्या आत सगळे वरती या, माझं जेवण. काकूंनी मान डोलवली आणि सहज, अगदी सहज म्हणाल्या, “आणि खाली देवीच्या दारात चपलांचं काय टेन्शन नाही. मावशी असतीलच.”

कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशींनी तर हो म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणजे चार मजल्यांचा जिना रोज उतरून, एक रात्र ट्रेनमध्ये काढून, अर्धा दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून, जन्मात पहिल्यांदा मागितलेल्या पाण्यापासून वीस पावलांवर ही बाई आमच्या चपलांकडे बघत बसणार.

या वेळी मी पत्रक लिहिलं नाही. यादीत नवीन सदर काढलं: चपला. घृष्णेश्वरापुढे माझं नाव टाकलं. देवीपुढची जागा रिकामी ठेवली आणि पेन काकूंसमोर धरलं.

“मी?” काकू म्हणाल्या. “मी देवीला जाणार की!”

“मावशी बाहेर बसून किती देवींना गेल्या, काकू?”

बेननी ठेपल्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि उगाच परत लावलं. मग काकूंनी पेन घेतलं, दोनदा झटकलं, आणि नाव लिहिलं. “निम्मा वेळ,” असं जोडायला विसरल्या नाहीत. उरलेल्या निम्म्यावर आईने सही केली.

आम्ही या शनिवारी रात्री निघतोय, आणि आता मागणी तुमच्याकडे. तुमच्या घरातही एखादी यादी असेल, सहलीची, लग्नाची, नाहीतर नुसती उद्याची. ती काढा. शेवटची ओळ वाचा. ‘वेळ उरल्यास’ कुणाच्या वाट्याला आलंय ते बघा, ते खोडा आणि पहिल्या ओळीत लिहा. आणि पुढच्या देवळाच्या दाराशी पोचलात की घाईने आत शिरू नका. खाली बसा. चपला तुम्ही बघा.