शंभरातले पाच
एकोडीकडच्या एका गावात मी पाण्याची टाकी बांधत होतो. तिच्या सहा खांबांवर पाणी मारायला एक बाई होती. पाणी मारून झालं की ती प्रत्येक खांबाला कान लावायची.

एकदा मी मुकादमाला सांगत होतो, चाचणीत नमुन्याचे शंभरातले पाच ठोकळे कमजोर निघाले तरी काँक्रीट पास होतं. ती मागून म्हणाली, “मंग ते पाच कोन्त्या खांबात हायेत, साहेब?”

“ते कुणालाच सांगता येत नाही,” मी हसून म्हणालो.

तिनं तिसऱ्या खांबाकडे पाहिलं आणि त्याला लांबून वळसा घालून गेली.

आता गाव टाकीच्या सावलीत बसतं. तिसऱ्या खांबाभोवती मात्र गुडघाभर गवत आहे. तिथं कुणी का बसत नाही, कुणालाच सांगता येत नाही.

टाकी पास केल्याची सही माझी आहे. मी उन्हातच उभा राहतो.