त्याच्या वाट्याचं काम

नवऱ्याची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली, तेव्हा मीही कंपनीकडे इथली जागा मागून घेतली. आयटी पार्कमधल्या ऑफिसात एक टीम माझ्याकडे आली. कोणाकडे किती काम आहे, कोणतं कधी संपायला हवं, कोण रजेवर जातंय, हे बघून दर आठवड्याला कामाची वाटणी करायची. कुणी दबून जाऊ नये आणि कुणी रिकामं बसू नये, एवढंच बघायचं. सांगलीला आमच्या मोठ्या कुटुंबात आई स्वयंपाकाच्या पाळ्या लावायची, तिथं रुसवेफुगवे जास्त होते. इथं मला तसं काही जड वाटलं नाही.

टीममधला एकजण पंचकुलाला राहायचा आणि घरूनच काम करायचा. मी येण्याआधी त्याचं घशाचं ऑपरेशन झालं होतं, बोलायला मनाई होती, असं मला सांगण्यात आलं. मीटिंगमध्ये तो असायचा, पण कॅमेरा बंद ठेवून. विचारलेल्याचं उत्तर हिंदीत लिहून द्यायचा. उत्तर नेमकं असायचं. दुसऱ्यांना दोन-दोन दिवस न सापडलेली प्रोग्राममधली चूक तो भलत्याच ठिकाणी हुडकून काढायचा. आणि कुणाचं काम अडलं की त्याचा एकच संदेश यायचा, ‘मैं देख लूँगा.’

हळूहळू सगळ्यांना सवय लागली. कुणाचं लग्न, कुणाचं मूल आजारी, काम त्याच्याकडे. माझ्या तक्त्यात त्याच्या नावासमोरचा रकाना भरून वाहायचा आणि बाकीचे वेळेवर घरी जायचे. मी त्याचं काम कमी करायला घेतलं. आज काढून दुसऱ्याला दिलेलं काम उद्या त्याच्याकडे परत गेलेलं असायचं. त्यानं मागून घेतलेलं असायचं. माणूस काम टाळतो हे मी पुष्कळ पाहिलं होतं. असं कामाला धरून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी मीटिंग संपल्यावर मी त्याला थांबायला सांगितलं. बाहेर धुकं इतकं होतं, की खिडकीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. मी म्हटलं, तुमची दोन कामं मी काढून घेतेय, या वेळी ती परत मागू नका. तो लिहितो आहे अशी खूण खाली दिसू लागली. आणि अचानक त्याचा कॅमेरा सुरू झाला.

तो खुर्चीत बसला होता. तपकिरी स्वेटर, गळ्याला मफलर, मांडीवर शाल आणि शालीवर दोन्ही हात. सरळ माझ्याकडे बघत होता. मला आधी बरं वाटलं. मी हसून विचारलं, तब्येत कशी आहे? तो हसला नाही. त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. पण खाली अक्षरं उमटली, ‘मॅडम, प्लीज, हे काम माझ्याकडून काढून घेऊ नका.’

मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते शालीवरच होते. आणखी एक ओळ आली, ‘मला काही त्रास होत नाही.’ हात तसेच. मग चित्र गेलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नेटवर्क गेलं की चित्र थिजतं, त्यात घाबरण्यासारखं काय? मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण त्या माणसाच्या मागे खिडकीचा पडदा होता आणि तो सबंध वेळ हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंचकुलाला गेले. भर दुपार असूनही टॅक्सीवाला दिवे लावून चालला होता. रस्त्यावरची झाडं अगदी जवळ आल्यावर दिसायची आणि लगेच नाहीशी व्हायची. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मी कोण ते सांगायच्या आतच ती म्हणाली, “या मॅडम. कालपासून वाटच बघतोय.”

तो पुढच्याच खोलीत होता. समोर लॅपटॉप, आणि बाजूच्या खुर्चीसमोर वेगळा कीबोर्ड. तिथं ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. घशाचं ऑपरेशन कधी झालंच नव्हतं. एका सकाळी दाढी करताना तो कोसळला. पक्षाघात. वाचा गेली, शरीर गेलं, डाव्या हाताचं एक बोट तेवढं जरासं उचलता येतं, ‘हो’ म्हणायचं असलं की तो तेच उचलतो. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर म्हणतात. दवाखान्यातून आल्यावर तो खाईना. तिनं भरवलेला घास तोंडातून बाहेर यायचा. मग एक दिवस तिनं त्याचा लॅपटॉप त्याच्यासमोर उघडून ठेवला, आणि त्या दिवशी तो जेवला. मूल होण्याआधी तीही हेच काम करायची. म्हणून तिनं कीबोर्ड हातात घेतला.

“डोकं सगळं यांचंच,” ती म्हणाली. “मी नुसती लिहिते.”

तेवढ्यात टीममधल्या कुणाचा तरी प्रश्न आला. तिनं तो त्याला मोठ्यानं वाचून दाखवला आणि लिहायला लागली. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट हललं नव्हतं. तिचं उत्तर लिहून झालं, पाठवून झालं, आणि त्यानंतर ते सावकाश वर उचललं गेलं.

मी विचारलं, घर, मूल, यांचं सगळं करून हे काम. थकत नाही का तुम्ही?

“नहीं जी,” ती शांतपणे म्हणाली, “मैं देख लूँगा.”

लूँगी नाही, लूँगा. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्याच्या मात्र आलं. त्यानं माझ्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. त्या नजरेत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

निघताना मी तिला स्पष्ट सांगितलं की हे मला लपवता येणार नाही, पण तुम्हाला वाऱ्यावरही सोडणार नाही. पुढं वरिष्ठांशी बरीच बोलणी झाली. शेवटी त्याला आजारपणाची दीर्घ रजा मिळाली, आणि ती रीतसर परीक्षा देऊन स्वतःच्या नावानं आमच्याकडे लागली. टीमलाही सगळं सांगितलं. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, “मग मी इतके महिने बोलत कुणाशी होते?”

ती ऑफिसात येऊ लागली. काम चांगलं करायची. पण काही विचारलं की आधी डावीकडे मान वळवायची, तिथं कुणी नसताना, आणि क्षणभर थांबून उत्तर द्यायची. आणि भलत्या ठिकाणची चूक हुडकण्याची ती हातोटी तिच्यात नव्हती.

काही दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. घरी त्याच्यासाठी बाई ठेवली होती. तो पुन्हा जेवेनासा झाला होता, दिवसभर दाराकडे डोळे लावून असायचा. मी पुन्हा वरिष्ठांकडे गेले आणि परवानगी मिळवली: तिनं सकाळी ऑफिसात यावं आणि दुपारी घरून, त्याच्याशेजारी बसून काम करावं. आता सगळ्यांना माहीत होतं.

दुपारच्या कामात ती हातोटी परत आली. तक्ता भरताना दुपारच्या रकान्यात एक माणूस धरायचा की दोन, हे मला ठरवता येईना. मी एकच लिहिला आणि वेळ थोडा जास्त दिला.

परवा दुपारी पुढच्या आठवड्याबद्दल बोलत होतो. दोघंही कॅमेऱ्यात होते. तिच्या दारावर सिलिंडरवाला आला आणि ती उठून गेली. पडद्यावर तो एकटा उरला, माझ्याकडे बघत. गप्प राहणं मला जमेना, म्हणून मी वाटणी सांगत राहिले: कुणाला काय दिलंय, कुठं अडेल असं वाटतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की मी नेहमीच्या हिंदीऐवजी मराठीत बोलत होते. त्याला मराठीचा एक शब्दही येत नाही.

मी थांबले. त्याचं बोट वर होतं.