शेगडीकाकांची डावी बाजू

शेगडीकाकांनी जन्मभर आग विझवण्याचा पगार घेतला आणि घरी येऊन आग पेटवली. बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात ते अग्निशमन विभागात होते. तिथे कुणी बिडी शिलगावताना दिसला तर त्याच्या अंगावर धावून जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी हेच गृहस्थ छाणीतल्या आमच्या सोसायटीत, आपल्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, मागच्या अंगणात, लुंगी खोचून कोळसे निवडत बसलेले असायचे. त्यांचं खरं नाव घेतलं तर निम्मी सोसायटी ‘कोण हो हे?’ म्हणून विचारेल. मराठी घरांत ते शेगडीकाका, गुजराती घरांत सगडीवाळा काका. काकी म्हणायच्या, “लग्नात अग्नीला साक्षी ठेवलं ना, तो अजून पाठ सोडत नाही आमची.”

शेगडी म्हणजे काय, तर लोखंडी पिंप उभं चिरून केलेला अर्धा भाग, चार पायांवर आडवा बसवलेला. वरून जाळी. पण काकांचं सगळं लक्ष निखाऱ्यावर. ज्वाळा दिसत असेपर्यंत ते जाळीवर मिरचीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. आम्ही भुकेनं कासावीस, आणि हे शांतपणे राख झटकताहेत. म्हणायचे, “जाळ म्हणजे लगीनघाई. निखारा म्हणजे संसार. स्वयंपाक संसारावर होतो, लगीनघाईवर नाही.” एकदा आमच्या ह्यांना धीर निघेना, त्यांनी घरातून टेबलफॅन आणून शेगडीपुढे लावला. मी वयानं काकांच्या मुलीसारखी, त्यामुळे हे त्यांचे जावईबापू. काकांनी फॅन बंद केला, वायर गुंडाळून ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “जावईबापू, हा घरी न्या आणि तिथे बसून गार वारा खा. जेवायला हाक मारतो.” हे जे ओशाळले, ते परत कधी शेगडीच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत.

लोक शेगडी थंडीत पेटवतात. काकांना ऋतूचं काही सोयरसुतक नव्हतं. थंडीत करजणकडून हुरडा यायचा, ज्याला इथे पोंक म्हणतात. रताळी राखेत पुरली जायची, कोंबडी जाळीवर चढायची. उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवत असताना हे छोटी शेगडी घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात वांगी भाजत बसायचे आणि डोक्यावरून कापलेला पतंग गेला तरी मान वर करायचे नाहीत. मे महिन्यात, ज्या दिवसांत माणूस गॅससमोरही उभा राहत नाही, तेव्हा ऊन कलल्यावर पन्ह्यासाठी कैऱ्या भाजायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, “काका, अहो या उकाड्यात तरी सुट्टी द्या त्या शेगडीला!” तर म्हणाले, “उकाड्यात माणसं घराघरात कोंडून बसतात. त्यांना बाहेर काढायला काहीतरी निमित्त नको का?”

निमित्त हेच खरं. खाणं नंतर. आता आमच्याच सोसायटीतली तरुण मंडळी बाल्कनीत विजेची जाळी लावतात, तयार मसाला लावलेले तुकडे पाकिटातून काढतात, फोटो काढतात आणि ज्याचा तो आपल्या मोबाइलमध्ये डोकं घालून खातो. त्यालाही बार्बेक्यूच म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

काकांच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांच्या काळजाच्या जवळचा माणूस म्हणजे रसिकभाई. फतेगंजला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. पक्के वैष्णव, गळ्यात तुळशीची कंठी, घरात कांदासुद्धा चोरपावलांनी येणारा. ते पहिल्यांदा आले ते भांडायलाच. मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि आमच्या कोंबडीचा वास थेट त्यांच्या देवघरात. काकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, “आवो, बेसो तो खरा,” म्हणून खुर्ची दिली आणि राखेतलं रताळं सोलून, वर तूप घालून पुढे केलं. रसिकभाई भांडण अर्धवट टाकून ते रताळं खात बसले. पुढच्या खेपेला आले तेव्हा शेगडीच्या मधोमध विटांची भिंत उभी होती. डावी बाजू शाकाहारी, उजवी आमची. दोन्हीकडचे चिमटे वेगळे, डावीकडच्याला हिरवा दोरा. आम्ही त्या भिंतीला बॉर्डर म्हणायचो. डावी बाजू आधी पेटणार, रसिकभाईंचं ताट आधी भरणार, मग आम्ही. काका म्हणायचे, “तो माझ्या भरवशावर इथे जेवतो. तुम्ही नुसते भुकेवर जेवता.”

आणि मग श्रावण लागायच्या आधीचा तो रविवार आला. आम्हा मराठी मंडळींना महिनाभराची कसर भरून काढायची होती, त्यामुळे उजवी बाजू गच्च. डावीकडे रसिकभाईंसाठी सुरणाचे तुकडे. दोन्हीकडे काकींचाच कोथिंबीर-मिरचीचा हिरवा मसाला. संध्याकाळी अचानक पाऊस आला तो तिरका, शेगडीवरच्या पत्र्याच्या आत शिरणारा. काकांची पाठ भिजायला लागली, तेव्हा ते शेगडीच्या पलीकडे जाऊन घराच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. झालं एवढंच. शेगडी जागची हलली नाही, माणूस फक्त इकडचा तिकडे गेला. पण आता त्यांच्या डाव्या हाताला कोंबडी होती. हिरव्या दोऱ्याचा चिमटा सवयीनं डाव्या हातात होताच. धूर, अंधारून आलेलं, कुणीतरी विनोद सांगत होतं. काकांनी डावीकडचे खरपूस तुकडे उचलले आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी रसिकभाईंच्या ताटात वाढले.

रसिकभाईंनी एक घास चावला आणि थांबले. ओरडले नाहीत, ताट आपटलं नाही. उठून अंगणातल्या नळावर गेले आणि चूळ भरत राहिले. काकांनी ताटाकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचा रंगच उडाला. ते पावसात तसेच नळापाशी गेले. रसिकभाईच म्हणाले, “कंई नही, काका. थाय एवुं.” असं होतं कधी कधी, म्हणाले, आणि छत्रीसुद्धा न घेता घरी गेले. काकांनी भरल्या जाळीवर बादलीभर पाणी ओतलं.

शेगडी त्यानंतर पेटली नाही. आम्ही विचारलं की काका म्हणायचे, “डॉक्टरनं धूर बंद केलाय,” आणि त्यांची छाती तशी नाजूक होतीच, म्हणून आम्हाला ते पटलं. रसिकभाईही येईनासे झाले. भाजी घेताना गाठ पडली तर दोघं “मजामां?” “मजामां” एवढं म्हणून आपापल्या पिशव्या सावरत निघून जायचे. मला वाटायचं, रागवायचा हक्क रसिकभाईंचा, राग निवळेल तेव्हा निवळेल. तो दिवस काही आला नाही. या हिवाळ्यात एका सकाळी काका चहा पिता पिता खुर्चीतच गेले.

दिवस झाल्यावर रसिकभाई काकींना भेटायला आले. मी तिथेच होते. काकांच्या फोटोला नमस्कार केला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, “काकी, मी त्या दिवशी जेवणावरून उठून गेलो. काकांना वाईट लागलं असेल. त्यांनी परत बोलावलंच नाही. मला वाटलं, माझ्यावर गुस्से आहेत. कुठल्या तोंडानं येणार?”

काकी म्हणाल्या, “गुस्से? अहो, ते दुसऱ्याच दिवशी तुमच्या दुकानापर्यंत आले होते माफी मागायला. समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि तसेच परतले. म्हणाले, मी त्याचा धर्म बाटवला, आता त्याच्यापुढे काय हात जोडू? त्या दिवसापासून ह्यांनी मटण-मच्छी सोडली. कोंबडी नाही, अंडं नाही, भाजलेलं कणीससुद्धा नाही. आणि मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. म्हणाले, रसिकच्या कानावर गेलं तर त्याला वाटेल मी त्याच्यावर उपकार करतोय.”

मला हे नवीन होतं. ज्या माणसानं आम्हाला निखाऱ्याची वाट बघायला शिकवलं, त्याला आपल्याच मित्राच्या दारात घटकाभर उभं राहवलं नाही! इतका राग आला मला काकांचा, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की पदर तोंडाला लावून मी आत जायला निघाले.

रसिकभाईंनी मला हातानं थांबवलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“बेन, मी दुसऱ्या दिवशी एक उपास केला, देवघरातल्या ठाकोरजींसमोर हात जोडले, आणि पती गयुं. माझ्यासाठी ते संपलं होतं. मी एका उपासात सुटलो. ह्यांनी मरेपर्यंत केला. आणि मी मागच्या गल्लीत बसून बोलावण्याची वाट बघत होतो.”