तनुजानं वायर दोनदा मोजली

...आन हे बी लिही, संस्कृती पोरी, तुझ्या बापाचं हाय म्हणून गाळू नको. चाकणच्या कंपनीत बायांना न्यायच्या व्हॅनमधी तुझ्या बापानं, रविराजनं, मागं दोन मोठे पंखे बसवले. वायर कुठली, तर गणपतीच्या मांडवातल्या लायटीच्या माळेची उरलेली, बारीक! फ्यूज सारखा उडाया लागला, तसा ह्यानं मोठा फ्यूज घातला.

काळेवाडीत कुशाबाईच्या लेकीचं, तनुजाचं, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय. सहा वर्सं कंपनीत वायरी बांधून शिकलेली पोरगी. व्हॅनचा दिवा लागंना म्हणून मी नि रविराज तिथं थांबलो. ती दारात वाकली नि म्हणली, "रविभाऊ, आधी पंखे बंद करा. वास येतोय." सीटखालची वायर काढली, तर पार मऊ झालेली. तिच्यावर रोज आठ बाया बसत्यात गं!

"फ्यूज तर टिकला की!" रविराज म्हणला.

"भाऊ, फ्यूज वायरीचा राखणदार. वीज जास्त झाली की आधी त्यो जळतो, वायर वाचती. मोठा घालून तुमी त्यालाच झोपवलं."

मग तिनं हात पसरून बॅटरीपासनं पंख्यापर्यंत अंतर मोजलं, नि उलटं फिरून परत मोजलं. मी म्हणलं, चुकलीस का काय?

"न्हाई आजी, वीज जाती तशी माघारी येती. दोन्ही वाटा धरायच्या. वाट लांब, पंखे मोठे, तर वायर जाड."

विहिरीचा दोर आमी असाच मोजायचो, पर डोळ्याला न दिसणाऱ्याची वाट मोजताना मी पहिल्यांदाच बघितलं.

जाड वायर घालून तासभर पंखे फिरवले, नि तिनं माझा हात वायरीवर ठेवला. गार!

आता चिमाजीमामाला हे वाचून दाखव. त्यो ट्रॅक्टरला मोठ्या लायटी लावतोय, नि राहिलेली माळ त्याच्याकडंच हाय.