कानसाहेबांनी पास केलेलं मशीन

पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं फक्त ऐकण्याचं काम केलं. तयार झालेला प्रत्येक पंखा त्यांच्या खोलीत यायचा, हुकाला टांगला जायचा आणि सुरू व्हायचा. ते खाली उभे राहून डोळे मिटायचे आणि 'पास' किंवा 'नापास' एवढंच म्हणायचे. कारखान्यात बारा खाती होती. या खात्यात मात्र ते एकटेच. म्हणून कामगार त्यांना कानसाहेब म्हणू लागले, आणि पुढे त्यांच्या इमारतीतही तेच नाव रुळलं. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत.

निरोपसमारंभात व्यवस्थापकांनी भाषण केलं. "गेल्या तीन वर्षांत साहेबांनी एकही पंखा नापास केलेला नाही. आपल्या मालाचा दर्जा कुठे पोचलाय, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही वाजवल्या.

त्यानंतरचे चार महिने मात्र वाईट गेले. कानसाहेब सकाळी ठरल्या वेळी पाऊण तास फिरून यायचे आणि मग दिवसभर बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. चहा पुढे ठेवला की प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. एकदा वहिनींनी पाहिलं, तर ते घरातल्याच पंख्याखाली डोळे मिटून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी "पास" म्हटलं आणि पुन्हा भिंतीसमोर जाऊन बसले.

त्यामुळे एके दिवशी ते भंगारवाल्याकडून रेडिओचा जुना लाकडी डबा खांद्यावर घेऊन आले, तेव्हा वहिनींनी धूळ, झुरळं, जागा यांपैकी कशाचंही नाव काढलं नाही. डबा चांगला हातभर रुंद होता. पुढे जाळीचं कापड, मधोमध आकड्यांची काच, दोन्ही बाजूंना पितळी बटणं. आत काहीच नव्हतं.

"यात मी सिनेमाचं मशीन बसवणार," कानसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा. बाहेरून रेडिओ, आतून थिएटर. आणि आवाज शून्य! सिनेमात पान गळलं तर पान ऐकू आलं पाहिजे, मशीन नाही."

चार महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. वहिनींनी फडकं घेतलं आणि डबा पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, गोलमटोल आणि बोलका होता. शांत मशीन म्हटल्यावर त्याची कळी खुलली.

"मग काळजीच नको, साहेब. हा बिनपंख्याचा हीटसिंक घ्या. नुसत्या पत्र्यांनी गरमी बाहेर टाकतो. आवाज करायला आत काही हलतच नाही."

कानसाहेबांनी तो जड पत्र्यांचा ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला. "पंखाच नाही?"

"नाही ना! म्हणून तर..."

"मग तपासायचं काय?" त्यांनी ठोकळा परत दिला. "जी वस्तू तपासता येत नाही, ती मी पास करू शकत नाही. पंखे काढा."

दुकानदाराने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. तिचा अर्थ 'काढा' असा होता.

कानसाहेब स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. दुकानदाराने पहिला पंखा सुरू केला. तो मोठा, संथ, जवळजवळ मुका पंखा होता. कानसाहेबांचा चेहरा हलला नाही. दुसऱ्या पंख्याला थोडी घरघर होती. त्यालाही तसंच. मग दुकानदाराने गंमत म्हणून फळीवरून एक काळा, जाडजूड पंखा उतरवला. "हा मोठ्या सर्व्हरचा आहे, साहेब. तो बंद खोलीत ठेवतात, तिथे माणसं बसतच नाहीत. नुसता फरक कळावा म्हणून लावतो हं."

त्याने बटण दाबताच टेबलावरचे कागद उडाले. शिट्टीसारखा आवाज थेट दाढेत गेला. समोरच्या केशकर्तनालयातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर येऊन बघू लागलं.

कानसाहेबांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. "वा! हवा केवढी फेकतो, आणि आवाजाचं नाव नाही. पास."

"साहेब, थट्टा करता का?" दुकानदार ओरडला. ओरडल्याशिवाय ऐकू जाणारच नव्हतं.

"मी तेहेतीस वर्षांत मालाची थट्टा केलेली नाही," कानसाहेब म्हणाले.

वहिनींना त्या क्षणी व्यवस्थापकांचं भाषण आठवलं. तीन वर्षांत एकही नापास नाही! दारावरची घंटा यांना ऐकू येते, बोललेलं कळतं, भांडं पडलं तर दचकतात. गेला होता तो नेमका पंख्याचा, आत फिरणाऱ्या वस्तूंचा आवाज. रोज आठ तास त्याच आवाजाखाली उभं राहून कानाने त्याच्यापुरता राजीनामा दिला होता, आणि मालकाला कळवलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा!" दुकानदार म्हणाला.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. ते स्टुलावर ताठ बसले होते. खिशात पेन होतं, केस विंचरलेले होते. भिंत आणि ती खुर्ची वहिनींच्या डोळ्यांसमोर आली.

"ते म्हणतात ते द्या," त्या म्हणाल्या.

याच पद्धतीने बाकीची खरेदी झाली. पॉवर सप्लाय निवडला तो दळण दळल्यासारखा आवाज करणारा. हार्ड डिस्क घेतल्या दोन, त्याही जुन्या पद्धतीच्या, आत कोणी सुपारी कातरत बसल्यासारख्या. प्रत्येक वस्तूला 'पास' मिळत गेला आणि दुकानदाराचा चेहरा उतरत गेला.

रविवारी उद्घाटन झालं. मुलगी दंतवैद्य होती, ती दवाखाना बंद करून मुद्दाम आली. कानसाहेबांनी पितळी बटण फिरवलं. काचेमागे पिवळा दिवा लागला, आकडे उजळले, डबा इतका देखणा दिसला की मुलीने टाळी वाजवली. पुढच्याच क्षणी मशीन सुरू झालं. खिडकीचा पडदा आत ओढला गेला. फुलदाणी हळूहळू मेजाच्या कडेकडे सरकायला लागली.

टीव्हीवर नायक-नायिका काहीतरी फार नाजूक बोलत होते. त्यांची तोंडं हलताना दिसत होती, एवढंच.

"बाबा, हे काय..." मुलगी म्हणाली, आणि वहिनींनी तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की तिने वाक्य गिळलं.

कानसाहेब डब्यावर तळहात ठेवून उभे होते. "आवाज येतोय का?"

"नाही!" मायलेकी एकदमच ओरडल्या.

"मग ओरडता कशाला? शांत मशीनसमोर शांतपणे बोलावं."

स्वयंपाकघरात गेल्यावर मुलगी आईला म्हणाली, "आई, माझं ड्रिल याच्यापेक्षा मायाळू आहे गं. त्यांना सांग ना."

"सांगून काय होईल? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? पुस्तक वाचत नाहीत, पत्ते खेळत नाहीत. एक कान आहे, त्यावर उभे आहेत. तो काढून घेऊ?"

"मग तू रोज हे ऐकणार?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मी मशीन बदलणार. ते शांत आहे म्हणतात ना? मग मी ते शांत करीन. त्यांचं म्हणणं खरं झालं की झालं."

सोमवारपासून काम सुरू झालं. कानसाहेब फिरायला गेले की दुकानदार पिशवी घेऊन यायचा. पाऊण तासात एक वस्तू बदलायची, त्यापेक्षा जास्त घाई करायची नाही, असं दोघांनी ठरवलं. पहिल्या दिवशी काळा पंखा निघाला आणि तो संथ, मुका पंखा बसला. दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क गेल्या, त्यांच्या जागी पाकिटाएवढी, आत काहीही न फिरणारी डिस्क आली. स्क्रूंच्या खाली रबराच्या चकत्या घालायच्या म्हणजे थरथर डब्याच्या लाकडात उतरत नाही, हे वहिनी शिकल्या. पेचकस धरायला शिकल्या. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी दुकानदारालाच सांगितलं, "अहो, ती वायर पंख्याच्या पात्याला घासेल. मागून घ्या."

"वहिनी, दुकानात येता का कामाला?"

"आधी हे आटपा. अठरा मिनिटं राहिलीत."

पण त्या दिवशी अठरा मिनिटं मिळाली नाहीत. कानसाहेब चष्मा विसरले होते, म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. कुलपात किल्ली फिरली तेव्हा पॉवर सप्लाय वहिनींच्या मांडीवर होता. त्यांनी तो पदराखाली घेतला. दुकानदार उठून उभा राहिला, पण जाणार कुठे?

"तुम्ही इथे कसे?" कानसाहेबांनी विचारलं.

"मशीन... ऐकायला आलो होतो, साहेब. म्हटलं, एवढं पास केलेलं मशीन घरात कसं वाटतं बघावं."

कानसाहेब खूश झाले. बिनचष्म्याचे असल्यामुळे डब्याची मागची फळी उघडी आहे हे त्यांना दिसलं नाही. "असे उभे राहू नका. बसा. डोळे मिटा. काय ऐकू येतंय?"

दुकानदाराने डोळे मिटले. पॉवर सप्लायच नसलेलं मशीन त्याने मन लावून ऐकलं. "काहीच नाही, साहेब."

"नीट ऐका."

"नीटच ऐकतोय. अगदी काहीच नाही."

"अगं, तू सांग."

"काही नाही बाई," वहिनी म्हणाल्या. पदराखालचा पॉवर सप्लाय त्यांच्या पोटात रुतत होता. कानसाहेबांनी दुकानदाराला आणखी दहा मिनिटं ऐकायला लावलं आणि चष्मा घेऊन शीळ घालत निघून गेले.

शुक्रवारी शेवटची वस्तू बसली. दुकानात नापास झालेला तोच बिनपंख्याचा ठोकळा. मग त्या संथ पंख्याचीही गरज उरली नाही, म्हणून तोही निघाला. वहिनींनी बटण फिरवलं. दिवा लागला. दोघांनी कान लावला. खरोखरच काही ऐकू आलं नाही. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयुष्यात एवढं सुंदर मशीन बांधलं नाही हो," तो म्हणाला, "आणि मी ते बांधलं असं कोणाला सांगायची सोय नाही."

संध्याकाळी कानसाहेबांनी सिनेमा लावला, खुर्ची डब्याजवळ ओढली आणि नेहमीसारखा तळहात वर ठेवला. मग हात उचलला. पुन्हा ठेवला. दुसरा हात ठेवून पाहिला.

"मशीन बंद पडलंय," ते म्हणाले.

"अहो, समोर सिनेमा चाललाय."

"तो चालू दे. मशीन बंद आहे."

"मशीन बंद असेल तर सिनेमा कुठून येईल?"

"ते मला ठाऊक नाही. हाताला काही लागत नाही. चालणारी वस्तू हाताला लागते." ते उठले आणि वहिनी मध्ये पडायच्या आत त्यांनी मागची फळी काढली. बराच वेळ आत पाहत राहिले. आत एकही वस्तू त्यांच्या ओळखीची नव्हती. त्या पत्र्यांच्या ठोकळ्याशी मात्र त्यांची ओळख होती.

"माझा पंखा कुठाय?"

वहिनींनी पलंगाकडे पाहिलं.

"अगं, मी पास केलेला पंखा कुठाय?"

वहिनींनी पलंगाखालून खोकं काढलं. कानसाहेबांनी काळा पंखा बाहेर काढला, मेजावर ठेवला आणि म्हणाले, "जोड." वहिनींनी तो सराईतपणे जोडला. किती सराईतपणे, हे कानसाहेबांनी पाहिलं. पंखा सुरू झाला. ते पात्यांकडे पाहत नव्हते, वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वहिनींनी चेहरा शक्य तितका सरळ ठेवला, पण डोळे बारीक झाले आणि खांदे वर गेले.

"आवाज येतोय?"

नाही म्हणणं अजूनही शक्य होतं. एवढे दिवस त्या तेच म्हणत होत्या. पण तेहेतीस वर्षं ज्या माणसाने मालाबद्दल खोटं सांगितलं नाही, तो समोर उभा राहून विचारत होता.

"येतोय."

"किती?"

"खूप. त्या दुकानात पहिल्यांदा लावला तेव्हापासून."

कानसाहेबांनी पंखा बंद केला. ते खुर्चीत बसले, आणि खुर्ची भिंतीकडे वळवणार की काय, या धास्तीने वहिनींनी खुर्चीचा पाय आपल्या पायाने दाबून धरला.

"म्हणजे ती तीन वर्षं," ते म्हणाले. "रोज साठ-सत्तर पंखे. ते सगळे आता लोकांच्या घरांत फिरतायत."

"फिरतायत."

"आणि लोक खाली झोपतात?"

"हवा चांगली येत असेल," वहिनी म्हणाल्या.

कानसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग ते उठले, दुसरी खुर्ची ओढून खोलीच्या मध्यभागी ठेवली आणि म्हणाले, "बस."

"मी कशाला?"

"बस म्हणतो ना. पाठ सरळ. डोळे मीट. आता काय काय ऐकू येतंय ते सांग. घाई नको, एकेक."

वहिनींनी डोळे मिटले. "फ्रिज. घुं करतोय."

"सारखा, की मध्ये अडखळतो?"

"सारखा."

"पास. पुढे?"

"खालच्या मजल्यावर कोणीतरी शिवणाचं मशीन चालवतंय. छान लयीत आहे."

"पास. पुढे?"

"तुमचा श्वास. नाकातून जरा शिट्टी वाजते."

"ते माझ्याकडे राहू दे. पुढे?"

वहिनींनी मान थोडी तिरकी केली. "वरच्या घरातला नळ. टप् पडतो, थांबतो, मग लागोपाठ दोनदा टप् टप्. अगदी डोक्यात बसतो मेला."

"नक्की?"

"नक्की."

"नापास," कानसाहेब म्हणाले. तीन वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्यांनी तो एकदा पुन्हा म्हणून पाहिला, हत्यारांच्या पेटीतून पान्हा घेतला आणि जिना चढून गेले.

वहिनी डोळे मिटूनच बसल्या होत्या. वरचं दार उघडलेलं त्यांना ऐकू आलं.

"तुमचा नळ नापास झालाय," कानसाहेब सांगत होते.

"आँ? कोणी केला?"

"आमच्याकडे त्या कामाला माणूस आहे. सरका बाजूला."